दारावर लिहिलेलं नाव

माझ्या भाचीचं बारसं पिंपळीत झालं तेव्हा भाची अमेरिकेत होती. हसू नका, आमच्या घरात असं चालतं. पाळण्यात वरवंटा ठेवायचा, त्याला कुंची बांधायची आणि आत्यानं त्याच्याच कानात नाव सांगून ‘कुर्र’ करायचं. मूल सवडीनं येईल, नाव वेळच्या वेळी पडलं पाहिजे.

आता आत्या म्हणजे मी. सख्खी आणि एकुलती एक. पण नवरा गेल्यावर इंदापूरचं सासर सोडून आलेल्या बाईला पाळण्याजवळ कोण उभं करणार? चुलतीनं परस्पर ठरवून टाकलं की भिगवणला दिलेली तिची लेक कुर्र करील. मला म्हणाली, “वाईट वाटून घिऊ नगंस. लेकराच्या जल्माचा सवाल हाय.” आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. चुलतीचा मला राग आला नाही, तिच्याकडून मी दुसरी अपेक्षाच ठेवली नव्हती. आईचं गप्प बसणं मात्र फार लागलं.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत स्टँडजवळ, बियाणांच्या दुकानावरच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे. इंटरनेट नवं होतं. मोडेम खरखर करत बराच वेळ आळवणी करायचा, मग कुठं लाईन लागायची, आणि खाली दुकानदारानं फोन उचलला की तुटायची.

बारशाच्या आधी भावाचा क्लासवर फोन आला. घरची भानगड त्याला कुणीतरी कळवली होती. “आक्का, त्यास्नी काय करायचं ती करू दे. नाव तूच ठिवायचं,” तो म्हणाला. त्यानं लेकीचं एक वेबपेज केलं होतं. घरच्यांपुरतंच, म्हणून त्याला लॉगिन ठेवलं होतं. “फोटोखाली चौकट मोकळी सोडलीया. बारशादिवशी तूच तितं नाव लिही. आत कुलपात हाय, कुणी बोलायला यायचं न्हाय.” आत शिरायचा पासवर्ड त्यानं सांगितला, आणि बदललेलं पान परत पाठवायचा वेगळा पासवर्डही दिला. फोन ठेवल्यावर मी पोरांना लवकर सोडलं आणि पोटभर रडून घेतलं.

बारशाच्या दिवशी मी पिंपळीला गेलेच नाही. क्लासवर बसून ब्राउझरमध्ये लॉगिन केलं. फोटो वरून खाली इंच इंच उतरला. आधी जावळ, मग कपाळ, मग थेट आमच्या वडिलांचं नाक. फोटोखाली मोकळी चौकट. कितीतरी वेळ मी नुसती बघत राहिले.

पण ब्राउझरमध्ये पान फक्त बघता येतं. लिहायला एडिटर लागतो. पान जसं दिसणार तसंच त्यात समोर दिसतं आणि कागदावर लिहावं तसं त्यावर लिहिता येतं. मी एडिटर उघडला, त्यात पानाचा पत्ता घातला. फोटो आला नाही. एडिटरमध्ये फोटो नेहमीच रुसायचे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोकळ्या चौकटी मात्र दिसल्या, एकाखाली एक अशा दोन. मला वाटलं, एक नावाला आणि एक नाव ठेवणारीला. भावाला मनातल्या मनात शाबासकी दिली. डोळे भरलेले, त्यात लाईन तुटायची धास्ती. दोन्ही चौकटी पुसल्या. त्यांच्या जागी नाव लिहिलं, आणि त्याखाली ‘ठेवणारी, तिची सख्खी आत्या’. मराठी अक्षरं उमटायची सोय नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत. मग पान पाठवून दिलं आणि कॉम्प्युटरसमोरच हळूच ‘कुर्र’ केलं.

संध्याकाळी पिंपळीच्या बायका टेम्पोनं क्लासवर आल्या. आई, चुलती, भिगवणची चुलत बहीण आणि आणखी दोघी-तिघी. सगळ्यांना बाळ बघायचं होतं. मी ब्राउझर नव्यानं उघडून ऐटीत पत्ता टाकला. समोर कोरं पान आलं, मधोमध मी लिहिलेल्या दोन ओळी. फोटो नाही. आत जायला नाव-पासवर्ड टाकायच्या चौकटीही नाहीत.

चुलत बहिणीनं दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. चुलतीचा चेहरा कडू झाला.

आईनं विचारलं, “आन बाळ कुठाय?”

भावाला फोन लावला, तिकडं सकाळ होती. सगळं ऐकून तो खो खो हसत सुटला. मी ब्राउझरला नाव-पासवर्ड दिला होता, एडिटरला नव्हता. एडिटरला त्या पानानं दारातच अडवलं होतं आणि मी ते दाराचं पानच आतलं पान समजून बसले होते. ज्या चौकटी पुसल्या त्या लॉगिनच्या होत्या. आता घरच्यांपैकी कुणालाच आत जाता येत नव्हतं, आणि आत कुलपात राहायचं ते नाव वाटेवरच्या कुणालाही दिसत होतं.

“काढून टाक रे ते,” मी म्हणाले.

“न्हाय काढायचो,” तो म्हणाला. “आत लपवायला मीच सांगितलं, ती चुकलं माझं. चौकटी खाली बशीवतो. नाव ऱ्हाऊ दे तितंच.”

तो ओरडूनच बोलत होता, त्यामुळे त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. खाली चहा सांगून मी येरझारा घालत राहिले. चहा संपेस्तोवर त्यानं चौकटी परत बसवल्या. मी लॉगिन केलं आणि बाळ आलं, जावळापासून हनुवटीपर्यंत. बायकांनी स्क्रीनवरूनच बोटं मोडून दृष्ट काढली. चुलतीनंसुद्धा.

तेवढ्यात आई उठली. बारशात आत्याची ओटी भरायची असते. ती ओटी तिनं पिशवीत घालून आणली होती. नारळ, तांदूळ, खण. मला वाटलं, भिगवणच्या बहिणीची गर्दीत राहून गेली असेल. पण आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“पदर धर,” आई म्हणाली.

“काकू काय म्हणतील?” मी पुटपुटले.

“मला तवाच बोलायला पायजे हुतं,” आई म्हणाली. “धर.”

मी पदर पसरला. नवरा गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. आईच्या ओंजळीतले निम्मे तांदूळ कीबोर्डवर सांडले.