पाटी उतरवल्यावर

आई खारदांड्याची कोळीण. डोक्यावर माशांची पाटी घेऊन अंधेरीच्या जुन्या बिल्डिंगांमधून फिरायची. लिफ्ट असली तरी पाटीवालीला तीतून कोण जाऊ देतं? चार-चार मजले चढायची, उतरायची, आणि दुपारी घरी आली की तांदळाच्या तीन भाकऱ्या आणि वाडगाभर कालवण खायची. तरी अंग काटकुळंच.

मला नोकरी लागली, बोरिवलीत चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा तिला म्हटलं, आता पाटी पुरे. आईचे कष्ट बघवत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खरंही होतं. पण ऑफिसातले लोक घरी येतील आणि दारातच माशांचा वास येईल, हेही मनात होतं. ते कुणाजवळ बोललो नाही.

तिने माझं ऐकलं. भूक मात्र ऐकेना. भाकऱ्या तीनच राहिल्या. वर्षभरात पोलकी घट्ट झाली, मग गुडघे सुजले, मग साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, यांचं खाणं वाढलेलं नाही, ते जिरायची वाट बंद झालीय. निदान रोज चाला. मी तिला सोसायटीच्या बागेत नेलं. एक फेरी मारून ती बाकावर बसली.

"चल घरी," म्हणाली. "इथं कोन दार उघडत नाय."

सुट्टीच्या दिवशी मला ऐकू यायचं. खिडकीपासून दारापर्यंत ती येरझारा घालायची आणि दाराशी थांबून पुटपुटायची, "ताजी हाय, बघून तर घे."

एका रविवारी मी तिला रिक्षाने अंधेरीला घेऊन गेलो. पहिल्याच बिल्डिंगच्या चार पायऱ्या चढली आणि धापा टाकत खाली बसली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पिशवी घेऊन उतरल्या. वीसेक वर्षं त्या मावशी म्हणत आईकडूनच मासे घ्यायच्या. त्यांनी पायरीवरच्या त्या जड बाईकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कोणाकडे आलात?"

आईने मान वर केली, तोंड उघडलं. तिच्या आधी मीच बोललो, "बिल्डिंग चुकली."

 त्या दिवसापासून खाली चल म्हटलं की ती गुडघ्यांचं कारण पुढे करायची. दोन वर्षांनी गेली.

खारदांड्यातल्या कुणाकडून तरी कळलं म्हणून त्या बाई भेटायला आल्या. भिंतीवर आईचा जुना, काटकुळ्या अंगाचा फोटो होता. त्यापुढे हात जोडून त्या वळल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुम्ही एकदा आमच्या बिल्डिंगमध्ये आला होतात ना? पायरीवर एक बाई बसल्या होत्या."

मी मान डोलावली.

"मावशी होत्या त्या?"

हो म्हणालो. त्या पुन्हा फोटोकडे वळल्या. मग म्हणाल्या, मला सांगायचं ना, मी खाली बसले असते त्यांच्याजवळ.

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.