उपास सासूबाईंनी धरले

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "उजव्या फुप्फुसावर डाग आहे. क्षय. पण वेळेत आलात." संध्याकाळचा बारीक ताप आणि खोकला मी घरकामाच्या दगदगीवर ढकलला होता. तुम्ही ढकलू नका.

उपचार तिथेच टिपून घेतले. स्ट्रेप्टोमायसीन, म्हणजे क्षयाचे जंतू मारणारं इंजेक्शन. सोबत गोळ्या. खाट आणि भांडी वेगळी. रोज दूध, अंडी. उपास बंद.

अंडी आणि उपास या दोन गोष्टी सोडून सगळं पाळलं. सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी हे माझे लग्नापासूनचे उपास. ऐन आजारात मोडले तर देव पाठ फिरवील, या धास्तीने झोप लागेना. आणि माळकरी घरात अंडं शिजवायचं कुठे?

पुढच्या तपासणीला वजन घटलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "बाई, अंगात काही उरलंच नाही, तर नुसतं औषध काय करणार?"

थेरगावला घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या पडवीत, माझ्या खाटेपासून लांब, शेंगा फोडत होत्या.

"म्हंजी तू उपाशी ऱ्हातीस ती देवाच्या भ्यानं?"

"खंड पडला तर, आत्याबाई?"

"देव काय तुझ्या नवऱ्यावानी मुकादम हाय, खाडं मांडायला?"

आमचे हे पिंपरीच्या नव्या कारखान्यात मुकादम. ते तिथेच चहा पीत बसले होते.

"तुझं उपास मी धरते. तू खा."

"आणि अंडी?"

"माळ माझ्या गळ्यात हाय, तुझ्या छातीत न्हाई."

परसात तीन दगड मांडून त्या स्वतः अंडी उकडत, पुन्हा अंघोळ करत आणि मगच देवाजवळ जात. देव आमचा एकच. त्या त्याच्यावर विसंबून होत्या, मी त्याला भिऊन होते. ती भीती गेल्यावर झोप लागू लागली, अन्न अंगी लागू लागलं.

बऱ्याच महिन्यांनी नवा एक्स-रे त्याच खिडकीत धरून डॉक्टर म्हणाले, "डाग सुकला."

घरी येताच मी माझे उपास परत मागितले.

"बाकीचं ने," सासूबाई म्हणाल्या. "सोमवार ऱ्हाऊ दे. त्यो आता माझ्या अंगवळणी पडलाय."

तुमच्या घरातलं आजारी माणूस उपास सोडायला भीत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याचा उपास तुम्ही धरा. आमच्याकडे सोमवार अजून सासूबाईंचाच आहे.