सांधा कुठे घ्यायचा

आमची ताई पृथ्वी चिकटवते. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात पहिल्या दिवशी सांगतो आणि मुलं हसतात. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला जगाचा भूगोल शिकवतो. खंड, प्रदेश, नकाशा कसा वाचायचा, आणि शेवटी ‘जागतिकीकरण चांगलं की वाईट’ हे प्रकरण. त्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो आणि निम्मी मुलं उत्तराची सुरुवात ‘जग हे एक खेडं झालं आहे’ अशी करतात. खेड्यात चार दिवस काढलेला माणूस हे वाक्य इतक्या आनंदाने लिहिणार नाही, पण ते असो. मी जगाबद्दल नुसता बोलतो आणि ताई ते करून दाखवते, त्यामुळे घरात तिच्या शब्दाला माझ्यापेक्षा जास्त वजन आहे. एकदा ती माझ्या कॉलेजात आली, कपाटावरच्या गोलावर बोट फिरवून धूळ बघितली आणि आमच्या विभागप्रमुखांसमोर म्हणाली, “बाळ्या, पृथ्वी पुसत जा रे अधूनमधून.” तेव्हापासून सगळा विभाग मला बाळ्या सर म्हणतो.

ती काम करते ती जागा म्हणजे छापखान्याच्या मागची एक लांबट खोली. एका बाजूला ओळीने खिडक्या, मधे लांब टेबल, वर ताणलेल्या तारेला सुकत टांगलेले पृथ्वीगोल. ताई आणि आणखी दोघी तिथे काम करतात. पुठ्ठ्याचा पोकळ गोळा घ्यायचा आणि त्यावर जगाच्या बारा पट्ट्या चिकटवायच्या. प्रत्येक पट्टी मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. खळ लावली की कागद ओला होऊन पसरतो, आणि तो रोज सारखा पसरत नाही. दमट दिवशी जास्त, कोरड्या दिवशी कमी. ताई चमच्याच्या पाठीने पट्टी अशी दाबत नेते की एका पट्टीवरची नदी पुढच्या पट्टीवर बरोबर तिथूनच वाहू लागते. “माझ्या सांध्यात नख घालून दाखव,” असं ती आल्यागेल्याला आव्हान देते. विनय वगैरे गोष्टी तिला कधी परवडल्याच नाहीत.

पण कागद तो कागद. अकरा पट्ट्यांत केसाकेसाने साठलेली वाढ बाराव्या पट्टीला भोवते. ती उरलेल्या जागेत मावत नाही. मग तिची कड पात्याने कापायची, काडीएवढी चिंधी निघते, ती डब्यात टाकायची. ही शेवटची पट्टी कुठे यावी याबद्दल त्या खोलीत एक नियम होता. सगळ्यात मोठा महासागर, त्याच्या मधोमध. ताईला काम शिकवणाऱ्या बाईंनी तो नियम घालून दिला होता: घोळ समुद्रात टाकायचा, तिथे नुसतं निळं असतं, कोणी बघायला जात नाही.

ताईच्या घरी जेवायला बसणं म्हणजे माझ्या शेवटच्या प्रकरणाची तोंडी परीक्षा. दाजी पूर्वी बूट बनवायचे. बाहेरून जहाजं भरभरून बूट आले आणि दाजींच्या हातच्या बुटांना गिऱ्हाईक उरलं नाही. आता ते त्याच बाहेरच्या बुटांचे उसवलेले तळवे शिवून देतात. जागतिकीकरण हा शब्द ते शिवीसारखा वापरतात. भाचीचं बरोबर उलट. ती एका कंपनीत बसून परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकते आणि घराचं भाडं तिच्या पगारातून जातं.

“बाबा, तुमचे बूट घेऊन आलेल्या जहाजातूनच माझी नोकरी आलीय,” ती म्हणायची.

“हो ना. बापाला उतरवून लेकीला चढवलं. मोठी मेहेरबानी झाली,” दाजी म्हणायचे.

मी मधे तोंड घातलं की दोघं एक होऊन माझ्यावर तुटून पडायचे. कारण माझा पगार ना जहाजाने गेला होता, ना आला होता; ज्याचं जळतं त्याला कळतं. शेवटी ताई ओरडायची, “जेवताना जग नको रे! दिवसभर त्यातच हात बुडालेले असतात माझे.”

मग एक दिवस ताईच्या मालकांनी त्या खोलीतल्या, म्हणजे आमच्या भाषेत कारखान्यातल्या, टेबलावर प्लॅस्टिकचा पृथ्वीगोल आणून ठेवला. परदेशी, साच्यातून काढलेला, आत दिवा लागणारा आणि ताईच्या गोलापेक्षा कितीतरी स्वस्त. “कानामागून आला आणि तिखट झाला,” ताई म्हणाली. मालक तसे चांगले. डोकं खाजवत म्हणाले, “बाई, शाळा हल्ली हेच मागतात. मी हेच मागवून विकू लागलो तर हे टेबल उचलावं लागेल. तुम्ही तिघी घरी बसलेल्या मला नको आहात. पण हाताने चिकटवलेल्या गोलाला एक तरी भरवशाचं गिऱ्हाईक मिळू दे.”

ते गिऱ्हाईक भाचीने मिळवलं. तिने तारेवर टांगलेल्या गोलांचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि कुठून उत्तर यावं, तर त्याच मोठ्या महासागरातल्या लहान लहान बेटांवरून. तिथल्या शाळांना गोल हवे होते. त्यांनी एकच विचारलं होतं: बाजारातल्या गोलांवर आमची बेटं नसतात, तुमच्यावर आहेत का? मालकांनी भिंग घेऊन छापील कागद तपासला. होती. माशीने पाय टेकवावेत तसे चिमुकले ठिपके, बाजूला बारीक अक्षरांत नाव. मालकांनी छातीठोकपणे ‘आहेत’ असं कळवलं आणि चाळीस गोलांची मागणी आली. त्या दिवशी दाजीसुद्धा म्हणाले, “म्हणजे जहाज इथूनही सुटतं म्हणायचं.” भाचीने त्यांना ते दोनदा म्हणायला लावलं.

ताईने ते चाळीस गोल डोळ्यांत तेल घालून केले. एकीकडे त्या दोघींना हात लावू देईना, दुसरीकडे ‘मी एकटीच मरते’ म्हणून ओरडायची. गोल गेले. काही आठवड्यांनी भाची मोबाईल घेऊन कारखान्यात आली आणि तिने आलेला निरोप सगळ्यांसमोर वाचला. गोल फार सुंदर आहेत, मुलं त्यांवरून हात फिरवत बसतात. पण आम्ही त्यावर नाही आहोत.

“नाही कसे?” मालक म्हणाले. “मी स्वतः बघितलंय!” त्यांनी कोरा छापील कागद पसरला. ठिपके होते. बाराव्या पट्टीच्या अगदी कडेला.

ताईने टेबलाखालचा डबा ओढला, त्यातली एक चिंधी काढून बोटांनी सरळ केली आणि भिंगाखाली धरली. ती बेटं त्या चिंधीवर होती.

त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. आधी छापखानेवाल्याला, त्याने ठिपके कडेला का छापले म्हणून. मग तिला शिकवणाऱ्या बाईंना. मग मला, कारण मी समोर होतो. सगळ्यांचं झाल्यावर ती खाली बसली आणि तिचे डोळे भरून आले. “चाळीस वेळा रे. एकदा नाही, चाळीस वेळा मी त्या माणसांना कापून डब्यात टाकलं. त्यांनी आधी विचारलं होतं. आम्ही आहोत का, एवढंच विचारलं होतं त्यांनी.” ताईला रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय. मी चहा ठेवला आणि तो उतू घालवला.

मालकांनी गोल पुन्हा करून पाठवायचं ठरवलं. पण स्पष्ट सांगितलं, “बाई, ही शेवटची संधी. या वेळी बिनसलं तर मी प्लॅस्टिकच मागवणार, मग मला बोल लावू नका. सांधा कुठे घ्यायचा ते तुम्ही ठरवा. घ्या एखाद्या वाळवंटातून.”

ताईने छापील कागद घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. “तू जगाचा भूगोल शिकवतोस ना? पट्ट्यांमधल्या या बारा रेघांतली एक अशी दाखव, वरून खालपर्यंत, जिच्यावर कोणी राहत नाही.”

मला वाटलं, हे काय अवघड आहे! मी वाळवंटातली रेघ दाखवली. ती वाळू संपली की थेट गजबजलेल्या शहरांत शिरत होती. बर्फातली दाखवली. ती खाली येता येता कोळ्यांच्या वस्त्यांवरून जात होती. दुसरी समुद्रातली दाखवली, तर तिथे आणखी कोणाचे तरी ठिपके. मी चष्मा पुसला. बाराच्या बारा रेघांवर कुठे ना कुठे माणसं होतीच.

“थोडं थोडं सगळ्यांवर वाटून टाक ना,” मी म्हणालो.

“म्हणजे बारा ठिकाणी नद्या तुटतील. सगळंच जग लंगडं करू का?”

भाची वाकून म्हणाली, “आई, इथून घे. इथला एक माणूस मला रोज फोन करून शिव्या देतो. गेला तर गेला.”

दाजींनी एका देशावर बोट टेकवलं. बूट तिथून येतात हे घरात सगळ्यांना पाठ होतं. “इथून काप. सरळ मधून.”

आम्ही हसलो. ताई हसली नाही. “तिथे तरी बूट कोण शिवतं हो?” तिने विचारलं. “तुमच्यासारखाच कोणीतरी बसला असेल ना मान मोडून?”

दाजींनी बोट मागे घेतलं. मी इतकी वर्षं तो विषय शिकवतो, पण त्या प्रकरणावर वर्गात असं बोट मागे घेताना मी कोणाला कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने मालकांना जाऊन सांगितलं, “सांधा आपल्यावरून घेणार.” एक रेघ आमच्या गावाला खेटून जात होती.

मालक उडालेच. आमचं गाव नकाशात येण्याएवढं मोठं नाही. त्याचा ठिपका मालकांनी छापखान्यात हट्ट धरून घालून घेतलेला. “बाई, गोल आपण करायचे आणि त्यावर आपणच नाही? लोक हसतील!”

“कोण हसेल? हे गोल जाणार तिकडे,” ताई म्हणाली. “आणि इथल्या कोणाला राग आलाच तर तो येईल माझ्या दारात भांडायला. मी आहे की समोर. त्या बेटावरच्या माणसाने कोणाच्या दारात जायचं? आपण आहोत हे आपल्याला माहीत आहे ना मालक? का रोज गोल बघून घरी जाता?”

मालकांना हसू आलं, आणि हसल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही.

तिने आमच्या गावाजवळून पहिली पट्टी लावायला सुरुवात केली आणि जग फिरून शेवटची पट्टी परत तिथेच आणली. या वेळी मात्र तिने पातं लावलं नाही. कापवेना, म्हणाली. शेवटच्या पट्टीची कड पहिल्या पट्टीवर चढवून दाबली. तिथे बोटाला जाणवेल असा उंचवटा राहिला. एरवी असा सांधा दुसरीने केला असता तर ताईने तिला दिवसभर बोलून घेतलं असतं.

गोल पोचल्यावर तिथल्या शाळेने व्हिडिओ कॉल केला. त्यासाठी भाचीने सुट्टी काढली आणि दाजी ‘इकडूनच चाललो होतो’ म्हणत कारखान्यात आले. फोनच्या चौकटीत एक वर्ग दिसला, बाकं, फळा, आणि गोलाभोवती मुलांची झुंबड. सगळ्यांनी आपली बेटं दाखवायला एकदमच बोटं टेकवली, त्यामुळे आम्हाला फक्त बोटं दिसली. तिथल्या बाई म्हणाल्या, आजूबाजूच्या बेटांवरच्या शाळांनाही गोल हवेत. भाचीने ते सांगताच मालकांनी प्लॅस्टिकचा गोल काखेत मारला आणि नातवाच्या खोलीत दिवा म्हणून लावायला बाजूला ठेवला. टेबल जागचं हलणार नव्हतं. ताईच्या शेजारच्या दोघींनी एकमेकींचे हात धरले.

तेवढ्यात तिकडे एक लहान मुलगी गोल पोटाशी धरून पुढे आली आणि काहीतरी बोलली. भाचीने वळून ताईकडे बघितलं.

“काय म्हणतेय?” ताईने विचारलं.

“म्हणतेय, हे करणाऱ्या बाई कुठे राहतात? खोक्यावरचं गावाचं नाव सकाळपासून गोलावर शोधतेय, कुठेच सापडत नाही म्हणे.”

मालक तारेवरचे गोल मोजल्यासारखं करू लागले. दाजींनी घसा खाकरला. मला वाटलं ताई रडणार, पण ती खळीचे हात पदराला पुसून फोनच्या अगदी जवळ गेली आणि त्या मुलीशी थेट आमच्याच भाषेत बोलायला लागली.

“अगं, तो उंच सांधा आहे ना, त्यावर बोट ठेव. त्याच्या खाली आहोत आम्ही.”

भाचीने ते तिला समजेल असं सांगितलं. मुलीने गोल फिरवला, नखाने चाचपत सांधा शोधला आणि त्यावर बोट ठेवलं. मग तिने आमच्याकडे बघून हाक मारली. शब्द कळला नाही, पण ताईने ‘ओ’ दिली.