धरणावर एकट्या गेलेल्या बाई

नोकरीच्या काळात पाण्यातून काढलेले मृतदेह मी पुष्कळ पाहिले. विहिरीतले, कालव्यातले, बंधाऱ्यातले. बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेलेत. कोणता कोणत्या वर्षाचा, ते सांगता येणार नाही. एका बाईंचा मात्र तसा मिसळत नाही. त्या प्रकरणातला आरोपी मी पकडला, दोषारोपपत्रही मीच पाठवलं. पण त्याआधीच्या सोळा दिवसांत मी जे केलं, ते कुठल्याही कागदावर आलेलं नाही. म्हणून लिहितो आहे.

नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, एका धरणाजवळचं ठाणं माझ्याकडे होतं. मी सहायक पोलीस निरीक्षक. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. एरवी बांधावरून मारामारी, दारू, मोटारसायकल चोरी एवढंच काम. गेल्या काही वर्षांत मात्र धरणाच्या काठाला तंबू लागायला लागले, शनिवार-रविवार पुण्या-नाशिकच्या गाड्या यायला लागल्या आणि त्यांच्यामागून बोटी आल्या. हवा भरून फुगवायच्या कयाक. लांबट, हलक्या, एका माणसाने वल्हवायच्या. पंपाने दहा मिनिटांत तयार होतात आणि संध्याकाळी हवा सोडून पोत्यात घालून नेता येतात. आमच्या हद्दीत एक जण अशा बोटी भाड्याने द्यायचा. पस्तिशीचा, तिथलाच, बोलायला गोड. बंदोबस्ताच्या दिवशी आमच्या माणसांना आपणहून चहा पाठवणारा.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी चारच्या सुमारास त्याचाच फोन ठाण्यात आला. एक बाई सकाळी साडेनऊला एकट्याच बोट घेऊन गेल्या, एकपर्यंत येते म्हणाल्या होत्या, आल्या नाहीत. तो मोटरबोट घेऊन शोधायला गेला, तर नारिंगी बोट मधोमध मोकळी तरंगताना दिसली. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आम्ही निघालो.

बोट काठाला आणलेली होती. हवा पूर्ण भरलेली, कुठे ओरखडासुद्धा नाही. आत वल्हं आडवं ठेवलेलं आणि त्याशेजारी घडी घातल्यासारखं लाइफ जॅकेट. मी हात लावून पाहिलं. जॅकेट कोरडं होतं.

त्या कोरड्या जॅकेटनेच मला फसवलं. बाईंनी ते पाण्यात पडण्याआधी काढून ठेवलं, म्हणजे त्या पडल्या नाहीत, त्यांनी उडी घेतली, असं मी तिथे उभ्या उभ्या ठरवून टाकलं. एकटी बाई, घरापासून लांब, धरणावर. हवालदारही मान हलवत होते.

बाईंची पिशवी बोटवाल्याच्या टपरीत होती. पंचांसमक्ष उघडली. टॉवेल, कंगवा, घडी केलेला पंजाबी ड्रेस, डब्यात दोन भाकऱ्या आणि ठेचा. आमच्या महिला पोलीस शिपाई यादी लिहून घेत होत्या. त्या थांबल्या.

"साहेब, जीव द्यायला आलेली बाई बदलायला कोरडे कपडे कशाला आणेल?"

"माणसाचं मन केव्हा फिरेल सांगता येतं का? लिहा तुम्ही," मी म्हणालो. त्यांनी लिहिलं.

बाई संगमनेरच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय त्रेचाळीस. नवरा दूध संघात नोकरीला, मुलगी पुण्याला कॉलेजात. संध्याकाळी नवरा आणि बाईंची थोरली बहीण आले.  मी नवऱ्याला बाजूला घेऊन पहिला प्रश्न विचारला, "घरात काही भांडण वगैरे?"

तो गोंधळला. "भांडण म्हणजे... घरात होतं तेवढंच साहेब. काल रात्री जरा बोलाबोली झाली. एकटीने जाऊ नको म्हणत होतो मी."

मी ते लिहून घेतलं. बहिणीने ऐकलं आणि ती ताडकन पुढे आली.

"हे काय लिहिता तुम्ही? माझी बहीण जीव द्यायला नव्हती आली. वर्षभर मोबाईलवर त्या बोटींचे व्हिडिओ बघत होती. एक दिवस कुणाचा डबा नाही, कुणाची वही नाही, पाण्यावर शांत बसायचं, एवढंच तिला पाहिजे होतं. लहानपणी आमच्या विहिरीत आम्हा सगळ्यांना पोहायला तिनं शिकवलंय."

"पोहता येत होतं?" मी विचारलं. तिच्या बाजूची गोष्ट मी माझ्या बाजूला लावली. पोहणारी बाई सहज बुडत नाही, असा माझा हिशेब.

बहिणीने मोबाईल पुढे केला. सकाळी दहाला बाईंनी फोटो पाठवला होता. पुढे बोटीचं टोक, मागे डोंगर आणि कोपऱ्यात हसणारा चेहरा. मी तो चेहरा मोठा करून पाहिला. हसू खरं आहे की ओढूनताणून, ते शोधत होतो. "फोटोत सगळेच हसतात," एवढं म्हणून मी मोबाईल परत दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मृतदेह सापडला. दक्षिणेकडे पाणी डोंगरात आत शिरतं तिथल्या एका खाचेत, काठापासून चाळीस-पन्नास फुटांवर. हिवाळ्यात तिथलं पाणी मागे सरकतं आणि गुडघाभर चिखल उरतो. मरणोत्तर पंचनाम्यात मी स्वतः सांगून लिहून घेतलं की दोन्ही हातांच्या नखांत चिखल आहे, बोटं खरचटलेली आहेत. सांगितलं आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. शवविच्छेदनात बुडून मृत्यू आला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. कारणापुढे 'आत्महत्येची शक्यता' असं मी लिहिलं. बातमीदाराने विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं आणि मग लोकांनी त्यात आपापली भर घातली. कुणी म्हणालं नवरा छळत होता, कुणी म्हणालं बाईंचंच बाहेर काही होतं. बहीण दर दोन-तीन दिवसांनी एसटीने संगमनेरहून ठाण्यात यायची. बाकावर बसायची. मी कामात आहे म्हणून निरोप पाठवायचो.

पंधराव्या दिवशी बीट हवालदार आत आला आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, पलीकडच्या काठाचा एक मच्छीमार आहे. बोटीबद्दल काही सांगायचंय म्हणतो. पण ठाण्यात यायला तयार नाही. घाबरलाय."

"कशाला?"

"धरणातला मासेमारीचा ठेका दुसऱ्याचा आहे. हा चोरून जाळं लावतो."

मी वर्दी उतरवून साध्या कपड्यांत हवालदाराच्या मोटारसायकलवर गेलो. साठीचा माणूस, अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. मला पाहून त्याने जाळं पायाखाली घेतलं.

"सायेब, आदी सांगा, माज्या जाळ्याचं काय व्हनार?"

"काही होणार नाही. मी जाळं बघायला आलेलोच नाही."

 मग तो बोलायला लागला.

"त्या दिशी मी खाचेच्या तोंडाला हुतो. बोट दिसली, पन ती बोट वाटंचना. येक बाजू पार बसल्याली. कातडं सोलून टाकल्यावानी पान्यावर पसरल्याली. जाकीट बी तिथंच तरंगत हुतं. त्याचा पट्टा तुटका, नुसती सुतळी बांदल्याली. मी दोनी वढून काठाला लावलं. मंग त्यो बोटवाला आला मोटार घिऊन. म्हनला, रिकामी सुटून आली, कुनाला सांगू नको. तुजं जाळं मी बी पायलं न्हाई म्हनला."

"किती वाजले होते?"

"घड्याळ न्हाई माज्याकडं. बाराची यष्टी घाट चढत हुती."

"मग इतके दिवस गप्प का बसलास?"

"बाई हाय हे मला म्हाईत न्हवतं वो," तो म्हणाला. "मडं निघालं तवा कळलं. माज्यापासून लई लांब न्हवती ती. हाळी मारली आसंल तर वाऱ्यानं मला ऐकू आली न्हाई."

 बोटवाल्याचा फोन चारला आला होता. मच्छीमाराने त्याला बारा वाजता पाहिलं होतं.

ठाण्यात येऊन बहिणीला फोन केला आणि तो फोटो मागवला. या वेळी चेहरा सोडून बोट पाहिली. टोकाच्या डाव्या अंगाला तळहाताएवढं काळं ठिगळ होतं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढताना लावतात तसं. मुद्देमालात जमा असलेली बोट आणून त्याच जागी हात फिरवला. गुळगुळीत, नवीकोरी. महिला शिपाई दारात उभ्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला, बोट पाहिली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेल्या.

बोटवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. मारझोड करून जबाब घेण्यावर माझा विश्वास कधीच नव्हता. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. खोटं बोलणारा माणूस अवघड प्रश्नांची तयारी करून येतो आणि साध्या प्रश्नाला अडखळतो, असा माझा अनुभव.

"धंदा कसा काय? नाताळला गर्दी होती ना?"

"होती साहेब. पण त्या प्रकारानंतर लोक घाबरतात."

"एकूण बोटी किती?"

"सहा."

"पंक्चर झाली तर काय करतोस रे?"

तो क्षणभर थांबला. "होत नाहीत साहेब. चांगल्या कंपनीच्या आहेत."

"एकदाही नाही?"

"नाही."

मी मोबाईल त्याच्यासमोर ठेवला.  त्याने फोटो पाहिला, मग पाणी मागितलं. 

"साहेब, त्या बोटीतून दोन दिवस आधीच हवा जात होती," तो म्हणाला. "ट्यूबचं ठिगळ लावलं, सोल्यूशन लावलं. टिकेल वाटलं. शनिवार होता, बाकीच्या पाचही बोटींचं आधीच ठरलेलं होतं. बाई सकाळी लवकर आल्या. लांबून आलेय म्हणाल्या. मी सांगितलं होतं काठाकाठाने जा म्हणून."

"आणि जॅकेट?"

"चांगली सगळी दिली होती. तेवढंच राहिलं होतं."

"बारा वाजता तुला बसलेली बोट सापडली. बाई नव्हत्या. मग तू काय केलंस?"

तो रडायला लागला. मी रडू दिलं. मग पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"बोट परत आणली. तेवढ्यात परत आलेली एक चांगली बोट घेतली, कोरडं जॅकेट ठेवलं आणि मोटरबोटीने ओढत नेऊन मध्ये सोडली."

"बाईंना शोधलंस?"

त्याने मान हलवली. नाही.

"हाक मारलीस?"

"नाही साहेब."

त्याच्या निवेदनावरून, पंचांसमक्ष, त्याच्या मळ्यातल्या भाताच्या पेंढ्याखालून ती बोट काढली. अशा बोटीत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. डावा कप्पा बसला की ती कलंडते आणि वरचा माणूस पाण्यात जातो. पंचांपुढे हवा भरून बोट पाण्यात धरली, तर ठिगळाच्या कडेने बुडबुडे येत राहिले.  निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरणे आणि पुरावा नष्ट करणे, असा गुन्हा दाखल झाला. त्याला अटक झाली. खटला अजून चालू आहे.

त्या बारा ते चारच्या वेळेत बाई जिवंत होत्या का, हे मला आजही माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. गार पाण्यात, तुटक्या पट्ट्याचं जॅकेट डोक्यावरून निसटल्यावर त्या काठाकडे पोहत आल्या, चिखलापर्यंत पोचल्या, चिखलाला बोटं रोवली, एवढं नखांवरून कळत होतं. मरणोत्तर पंचनाम्यापासून ते माझ्यासमोर लिहिलेलं होतं.

अटकेच्या संध्याकाळी मी स्वतः संगमनेरला गेलो. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. नवरा आणि मुलगी दोघंच घरात होते. मुलगी कॉलेज सोडून आलेली. दोघांचीही वजनं उतरलेली दिसत होती. बोट, ठिगळ, जॅकेट, सगळं सांगितलं. चुकीची दिशा मी धरली होती, हेही सांगितलं.

नवरा ऐकून घेत होता. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे साहेब, ती माझ्यामुळे नाही गेली?"

"नाही."

"आदल्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, जायचंय तर जा, परत येऊ नकोस. रागात म्हणालो. रोज तेच ऐकू येतं मला."

"त्या परत येणार होत्या," मी म्हणालो. "शेवटपर्यंत काठाकडे येत होत्या."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्याने रडला. मुलगी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि मला म्हणाली, "काका, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं तुम्ही?"

 बायको जगण्यासाठी धडपडत बुडाली, हे ऐकून नवऱ्याला सुटल्यासारखं वाटावं, अशी वेळ त्या घरावर मी आणली होती.

पोलिसाला पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी वाटतंच. तीस वर्षांचा अनुभव असला की ते जास्त लवकर वाटतं आणि जास्त खात्रीने वाटतं. मला तोवर ते माझं कसब वाटायचं. एकटा पुरुष धरणावर बुडाला असता, तर मी आधी बोट तपासली असती. बाई होती म्हणून मी आधी तिचं घर तपासलं. निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या काळात नव्या शिपायांना मी एवढंच सांगत राहिलो, की पंचनामा लिहून झाला की तो स्वतः बसून सावकाश वाचा, दुसऱ्याने लिहिल्यासारखा. त्यांना वाटायचं, साहेब लेखनाच्या चुकांबद्दल बोलतायत.