तिसरा इंजेक्टर

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना देवाने दोन कान दिले ते माणसांचं ऐकायला नव्हेत, यंत्रांचं ऐकायला. कांदिवलीच्या त्यांच्या सोसायटीतला एकही मिक्सर, पंखा किंवा पाण्याचा पंप असा नाही ज्याची नाडी त्यांनी पाहिलेली नाही. जेवताना समोरच्याला ते हात करून मध्येच थांबवतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "वरच्यांच्या फ्रीजचं रबर गेलंय." चौकशी करावी तर वरच्यांचं रबर खरोखरच गेलेलं असतं. मी त्यांना काका म्हणतो, ते मला 'पाहुणे' म्हणतात. मी पडलो मुलीकडचा माणूस, मला नाही म्हणता येत नाही, आणि हे त्यांना नीट ठाऊक आहे. त्यामुळे रविवारी सकाळी गोरेगावात माझा फोन वाजतो. "पाहुणे, येऊन जा. रेस द्यायला एक पाय हवाय."

पाय माझा, गाडी त्यांची आणि लाटणं माझ्या बहिणीचं. इंजिनाचं ऐकायला ते लाटणंच वापरतात. एक टोक इंजिनावर, दुसरं कानामागच्या हाडावर. बहिणीने त्यांच्यासाठी वेगळं लाटणं आणून त्यावर लाल रंगाने 'गाडी' असं लिहिलं, तरी घाईत हाताला लागतं ते स्वयंपाकघरातलंच. त्या घरच्या पोळीला मधूनच ऑइलचा वास येतो आणि मी ती "वा, मऊ झालीय" म्हणत खातो. गाडीला गावच्या एसटीसारखा दमदार हॉर्न हवा म्हणून त्यांनी तो स्वतः बसवला, तेव्हा पहिल्याच आवाजाला वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. काकांना तो मानाचा सलाम वाटला.

गेल्या वर्षी या गाडीला उचक्या लागल्या. रोज नाही. एखाद्या दिवशी सिग्नलवरून निघताना ती थरथरायची, इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा आणि गॅरेजच्या दाराशी पोचेपर्यंत सगळं शांत. गॅरेज बोरिवलीच्या दिनूचं. तोही काकांसारखाच मालवणकडचा, त्यांचा वर्षानुवर्षांचा चहाचा सोबती. दिनूने मशीन लावून पाहिलं. मशीन म्हणालं, तिसऱ्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी बारीक तोटी. तिला दोन वायरींतून हुकूम मिळतो आणि ती टिकटिक उघडमीट करते. दिनूने तिसरा इंजेक्टर नवा बसवला. थोडे दिवस बरे गेले आणि उचकी परत आली. काकांनी लाटणं लावलं, तिसऱ्याची टिकटिक त्यांना दमलेली वाटली, आणि त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये ते शेजाऱ्यांना म्हणाले, "दिनूने जुनाच पुसून बसवला."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण काकांचा कान म्हणजे सोसायटीत शेवटचा शब्द. हळूहळू तिथल्या गाड्या दिनूकडे जायच्या बंद झाल्या. दिनू एकदा विचारायला आला. मी तेव्हा तिथेच होतो.

"काका, तुम्ही असा बोललात?"

"माझा कान खोटं सांगत नाही, दिनू."

दिनू आल्या पावली निघून गेला. मला खूप ओशाळल्यासारखं झालं, पण बहिणीचं घर, मी जमिनीकडे पाहत राहिलो.

पुढच्या रविवारी काकांनी पुरावाच काढायचं ठरवलं. तिसऱ्या जागचा इंजेक्टर त्यांनी पहिल्या जागी लावला आणि पहिल्याचा तिसऱ्या. इंजेक्टर खराब असेल तर दोषही त्याच्याबरोबर पहिल्या जागी जाणार, हा त्यांचा हिशोब. आम्ही लिंक रोडवर चक्कर मारली. एका गतिरोधकावर गाडीला उचकी लागली, दिवा लागला. घरी आणलेलं छोटं मशीन जोडून काकांनी पाहिलं. दोष अजून तिसऱ्या जागीच होता.

"म्हणजे इंजेक्टर चांगला आहे," मी म्हणालो.

"कळलं मला, पाहुणे. रेस द्या."

मी गाडीत बसून रेस देत राहिलो. काका बोनेटखाली वाकून वायरी एकेक करून हलवत होते. अचानक इंजिन अडखळलं. सावरलं. पुन्हा अडखळलं. मग बराच वेळ काही हाक आली नाही, म्हणून मी इंजिन बंद करून पुढे गेलो. काकांच्या हातात तिसऱ्या इंजेक्टरची वायर होती. वरून धड, पण आतली तांब्याची तार जवळजवळ तुटलेली. धक्का बसला की सुटायची, मग परत टेकायची. हॉर्न बसवलेल्या लोखंडी पट्टीच्या धारेवर ती घासत होती, आणि तिथे तिला प्लॅस्टिकच्या बंदाने आवळून बांधलेलं होतं.

"हा बंद माझा," काका म्हणाले. "हॉर्न लावताना वायर मधे येत होती, म्हणून मीच बांधली."

मी हळूच म्हणालो, "काका, जोडून टाकू या. कुणाला कळायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझेच कान तापले. "जोडायची नाही. अशीच न्यायची."

उचक्या देत आम्ही बोरिवलीला पोचलो. दिनू एका गाडीखाली होता, बाहेर आला. काकांनी बोनेट उघडलं, बोट दाखवलं. त्यांचं एरवीचं नीटनेटकं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. "दिनू, ह्यां माझा काम. तुझ्यावर आळ घेतलंय मी. माका माफ कर."

दिनूने वायर पाहिली, हात पुसले. "ठेवून जावा, साहेब. उद्या मिळात."

त्याने त्यांना साहेब म्हटल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. गाडी तिथेच ठेवून आम्ही रिक्षाने घरी आलो.

दुसऱ्या रविवारी फोन आला, पण गाडीसाठी नव्हे. "पाहुणे, सोबत या फक्त." ते सोसायटीतल्या प्रत्येक दारी जाणार होते. मी मागे उभा, ते पुढे. बेल वाजवायची आणि सांगायचं, "दिनूबद्दल मी बोललो ते खोटं होतं. चूक माझी होती. त्याच्याकडे गाडी न्या." कुणी हसून सोडून दिलं, कुणी आत बोलावून पाणी दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अहो काका, आम्ही आता दुसरीकडे जातो. तिथलं बरं पडतं. आणि त्या दिनूचं काय, अजून बरंच काही ऐकलंय." ऐकलेलं सगळं त्या लिफ्टमधल्या वाक्यातूनच वाढलेलं होतं.

दार लागलं. काका कठडा धरून दोन पायऱ्या उतरले आणि तिथेच बसले. मीही शेजारी बसलो. खालून कुठल्या तरी घरातून कुकरची शिट्टी आली. त्यांनी मान तिरकी केली नाही.

"एकच वाक्य बोललो होतो हो," ते म्हणाले. "कुठे कुठे गेलं असेल ते?"

 मग त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, उठले, आणि आम्ही बी विंगकडे निघालो.