होडीतला टॉवेल

परवा सुनेने शेकायला गरम पाण्याची नवी पिशवी आणली. ती उघडली आणि त्या रबराच्या वासासरशी मी थेट मालवणच्या समुद्रात, होडीवर जाऊन बसले.

वीसेक वर्षं झाली. माझी वैशाली तेव्हा देवपूरला कॉलेजात होती. समुद्रातली पोवळी जिवंत आहेत की मरायला लागलीत, हे तोंडाला रबरी नळी लावून, पाण्यावर तरंगत बघायला शिकवायचं म्हणून सर मुलांना घेऊन गेले होते. मुलींसोबत एक बाई हवी, म्हणून मी.

वैशाली पोहत होडीशी आली. पाण्यात बघायची काच कपाळावर सरकवलेली, डोळे नुसते चमकत होते. "आई, जांभळी पोवळी पाहिली मी. कडेची मात्र पांढरी पडलीत, ती बघून येते."

मी काय पाहिलं, तर तिच्या अंगाला चिकटलेले ओले कपडे. टॉवेल पुढे केला. "पहिले अंग झाक. बठ्ठा देखी ऱ्हायनात." सगळे बघताहेत, असं दटावलंच मी तिला.

ती वर आली, टॉवेल गुंडाळून बसली. सरांनी हाक मारली तर म्हणाली, "थंडी वाजतेय." मग ती पाण्यात उतरलीच नाही. कडेची पोवळी दुसऱ्याच कुणी पाहिली.

आठवलं की अजून मान खाली जाते माझी. कोण बघत होतं हो तिच्याकडे? सगळ्यांची तोंडं तर पाण्यात होती. बघत होते ती मी एकटी.