साडेचार फुटांची रेघ

शहापूर-मुरबाड रस्त्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याला जे पाण्याचं पार्क आहे, त्याच्या गेटवर तिकिटाच्या खिडकीआधी एक लोखंडी खांब लागतो. खांबावर फूट-इंच रंगवलेत आणि दोन जाड रेघा मारल्यात. खालची हिरवी, पावणेतीन फुटांवर. तिच्या आतलं पोर फुकट. वरची लाल, साडेचार फुटांवर. तिच्या आतलं पोर हाफ तिकिटात. लालच्या वर गेलं की ते पोर राहत नाही, फुल तिकीट होतं. या खांबाशेजारी वाल्मिक गेली अकरा वर्षं उभा आहे. पोराला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर लाकडी पट्टी टेकवायची आणि खिडकीकडे तोंड करून 'फ्री', 'हाफ' नाहीतर 'फुल' म्हणायचं, एवढंच त्याचं काम. ऐकायला सोपं वाटतं. एकदा मे महिन्यातल्या रविवारी करून बघा.

ठाण्याकडून, नाशकाकडून गाड्या भरभरून माणसं येतात. डबे, टॉवेल, फुगवलेल्या ट्यूब, सगळं काखोटीला मारलेलं. आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं हो, गाडी लावता लावता पोराला पढवतात की खांबापाशी गेल्यावर गुडघे वाकव, मान खाली घाल. पोर बिचारं शिकवल्यासारखं करतं आणि वर आईचं तोंड, 'अजून लहानच आहे हो, वयाच्या मानाने भरलंय.' वाल्मिक भांडत बसत नाही. तो पोराला म्हणतो, "ती वरची निळी घसरगुंडी दिसते का रे? तिथून आत्ता एक माणूस येल बघ." पोर मान ताणतं, गुडघे आपोआप सरळ होतात, पट्टी टेकते. फुल. आई-बाप वाल्मिककडे असं बघतात की जणू त्यानेच त्यांचं पोर ओढून लांब केलंय.

खरं सांगायचं तर पट्टी नुसती दाखवायला. त्याची नजर इतकी बसलेली की पोर दहा पावलांवर असतानाच त्याच्या डोक्यात आकडा तयार असायचा. मॅनेजर नव्या पोरांना सांगायचा, नजर शिकायची तर वाल्मिककडून शिका. याचा वाल्मिकला अभिमान होता. माणसाला कशाचा तरी असावा लागतो, शेत चार गुंठे आणि भात दिवाळीपर्यंत पुरायचं नाही, मग याचाच असणार.

आणि अशा माणसाने स्वतःच्या पोरीची उंची कधी मोजली नाही. एकदासुद्धा नाही.

त्याचं कारण म्हणजे अंबूबाई, वाल्मिकची आई. वाल्मिकला एकच मुलगी, राही. ही राही लहानपणी झपाट्याने वाढली. पहिलीत होती तेव्हा तिसरीतली वाटायची. तिसरीत गेली तर बाई तिला रांगेत सगळ्यांच्या मागे उभी करायच्या. येणारा-जाणारा म्हणायचा, पोरगी उफाड्याची आहे. झालं, अंबूबाई दृष्ट काढायला लागली. दर शनिवारी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची, आणि मुलाला बजावून ठेवलं, "तुज्या त्या खांबाला माजी नात लावायची नाय. जगाची पोरं टेकतात तिथं, परक्याचे डोळे लागतात." वाल्मिकलाही ते पटलं. घरचं माणूस मापात घालू नये, असं त्यालाही आतून वाटायचं. पार्कात वर्षातून एक मंगळवार, पावसाळ्यात गर्दी नसते तेव्हा, स्टाफच्या घरच्यांना फुकट सोडतात. वाल्मिकने कधी घरच्यांना नेलं नाही.

राही पळायची. शाळेतून घरी, घरून दुकानात, कुठंही जायचं तर चालत नाही, पळत. पुढे शेजारच्या गावची स्नेहल पोलीस भरतीत लागली आणि खाकी घालून घरी आली. राहीने तिच्या पट्ट्याला हात लावून बघितला आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. सकाळी उठून फाट्यापर्यंत पळत जायची आणि यायची. स्नेहलने तिला सांगितलं होतं, "पळण्याचं तू मारशील गो. पण मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागतं. त्याच्यात अर्धा कमी असला तरी मैदानात घेत नायत." राहीने घरी येऊन बापाला विचारलं, म्हणजे किती? वाल्मिकने हिशोब केला, पाच फूट एक इंच. आणि हसला. जी पोरगी तिसरीत पाचवीएवढी होती तिला पाच फूट एक म्हणजे काय मोठंसं.

राही चौदा वर्षांची झाली, आठवीत गेली, तेव्हा तिनेच हट्ट धरला की यंदा मंगळवारी पार्कात यायचंच. अंबूबाई दोन दिवस बोलली नाही. पण राही आणि तिची आई सरिता आल्या. रांगेत स्टाफचीच माणसं. वाल्मिक खांबापाशी उभा. घरच्यांना तिकीट नव्हतंच, पण मॅनेजरला हातात बांधायच्या पट्ट्यांची नोंद हवी असायची, मुलांची पिवळी आणि मोठ्यांची निळी. राही हसत हसत आपणच येऊन खांबाला टेकली. इतकी वर्षं बापाचं काम लांबून ऐकलेलं, आज ते आपल्यावर होणार याचीच तिला गंमत. वाल्मिकचा हात सवयीने खाली आला. पट्टी टेकली. आणि तोंडातून सवयीनेच निघालं, "हाफ."

खिडकीतला माणूस हसला. "वाल्मिकशेठ, आठवीतली पोरगी आणि हाफ? घरच्यांना सूट का?"

वाल्मिकने परत बघितलं. लाल रेघेच्या खाली दोन बोटं. राहीच्या मागे कमळू होता, मोठ्या टाकीवर पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला असतो तो, वरच्या पाड्यावरचा. त्याची रंजिता दहा वर्षांची, पाचवीतली. ती खांबाला टेकली आणि लाल रेघेच्या वर गेली. वाल्मिकने टेकवलेली पट्टी तशीच धरून ठेवली. कमळूच खिडकीकडे बघून म्हणाला, फुल.

दिवसभर राही पाण्यात खेळली. वाल्मिक मात्र उभा होता तिथे नव्हताच. अकरा वर्षांत हजारो पोरं त्याच्या हाताखालून गेली होती. एक उन्हाळा हाफ गेलेलं पोर दुसऱ्या उन्हाळ्याला फुल होऊन येतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? मग आपली पोर कधीपासून थांबली? संध्याकाळी घरी जाऊन त्याने सरिताला विचारलं, राहीचा शाळेचा ड्रेस कधीचा?

"पाचवीतला," सरिता म्हणाली. "आजून चांगला हाय. मी त बायांना सांगते, माजी राही कपडा टिकवते."

तीन वर्षं. तीन वर्षं ही बाई कपडा टिकतो म्हणून खूश होती, आणि वाल्मिक तरी कुठे शहाणा होता.

अंबूबाईने एका झटक्यात निकाल दिला, "पोरीला कुणीतरी वलांडलंय." झोपलेल्या मुलाला ओलांडून गेलं की त्याची वाढ खुंटते, आणि ज्याने ओलांडलं त्यानेच उलटं ओलांडलं तर सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता ओलांडलं कुणी? एवढंसं घर, सगळे एका ओळीत झोपणार. म्हातारीचं बोट आधी सुनेवरच जाणार, ते गेलं. सरिता म्हणाली, "मला पाटे पाण्याला उठावं लागतं. दाराशी तुमी, मदी पोर. मी काय पंख लावून जाऊ?"

म्हणजे ओलांडलंय. म्हातारीला तेवढंच हवं होतं. चटई टाकली, राहीला आडवी केली, आणि सरिताने मागे मागे पाय टाकत तिला ओलांडलं. मग खात्री असावी म्हणून वाल्मिकने. मग मुरबाडहून काकाला बोलावलं, तो लग्नसराईत मुक्कामाला येतो म्हणून. त्यानेही ओलांडलं, चहा घेतला आणि गेला. पहिल्या वेळी राही खुदुखुदू हसत होती. तिसऱ्या वेळी तिने ओढणी तोंडावर घेतली.

तेवढ्यावर थांबली असती तर ती राही कसली. घरामागच्या जांभळाच्या फांदीला सकाळ-संध्याकाळ लटकायला लागली. हाताला घट्टे पडले. मोबाईलवर बघून दुधात घालायची पावडर मागवली. वाल्मिकने काही विचारलं नाही, आणून दिली. तिला जवळ उभी करून मोजायची मात्र त्याची हिंमत झाली नाही. गरजही नव्हती म्हणा. रोज सकाळी ती पळून आली की दारातूनच त्याच्या डोक्यात आकडा तयार असायचा. रोज तोच. लाल रेघेखाली दोन बोटं. आपल्या या नजरेचा त्याला आता वीट आला होता.

दिवाळीनंतर शाळेत तपासणीला डॉक्टरबाई आल्या. त्यांनी राहीला पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळाची चिठ्ठी दिली. चिठ्ठी आली म्हणजे औषध असणार, असं धरून तिघं गेले. राहीने जाताना वही घेतली होती, डॉक्टर सांगतील तो व्यायाम लिहून घ्यायला.

तिथल्या मॅडम तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी राहीच्या डाव्या हाताचा फोटो काढून आणायला सांगितला. तो काचेवर लावून बराच वेळ बघितला. मग सरिताला विचारलं, "हिला पाळी कधी आली?"

सरिताने मान खाली घातली. "तिसरीत होती."

वाल्मिक बायकोकडे बघतच राहिला. त्याला हे आज कळत होतं. सरिता हळूच म्हणाली, "सासूबाई बोलल्या, उफाड्याची पोर हाय, लवकर आली. कुणाला सांगू नको, लोकं नावं ठेवतील."

मॅडमनी समजावून सांगितलं. ती लहानपणी भराभर वाढली ती पुढची वाढ होती, आधीच करून बसली. हाडांच्या टोकांना वाढायला जागा असते, ती मिटली. तिसरी-चौथीत आणली असती तर इंजेक्शनं होती, घाई थांबवता आली असती. आता इंजेक्शनाचा उपयोग नाही.

राहीने वही उघडून ठेवलेली होती. तिने विचारलं, "एकशे पंचावन्न होईल ना?"

"नाही बाळा."

"एकशे पन्नास?"

मॅडमनी मान हलवली.

"लटकून पन नाय?"

"नाही. त्याने हात दुखतील फक्त. तू आहेस तेवढीच राहणार. अभ्यास कर, दुसऱ्या पुष्कळ नोकऱ्या आहेत."

राहीने वही मिटली. रडली नाही. सरिताच रडायला लागली. मॅडमना बहुतेक तेच सोसलं नाही, त्या जरा चिडून म्हणाल्या, "अहो, पण घरात एकाच्याही लक्षात कसं येत नाही? मूल वाढतंय की थांबलंय, वर्षातून एकदा भिंतीला उभं करून बघितलं असतं तरी कळलं असतं. त्याला काही शिक्षण लागतं का?"

मॅडमनी कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. नाव, वय, गाव. मग वर न बघताच विचारलं, "वडील काय करतात?"

"मजुरी," वाल्मिक म्हणाला.

राहीने बापाकडे बघितलं. आपला बाप स्वतःला कमी सांगतोय, हे तिला आवडलं नाही. ती मॅडमना म्हणाली, "नाय, मजुरी नाय. बाबा पार्कात असतात. पोरांची उंची मोजतात. पट्टी न लावता बरोबर सांगतात, मॅनेजर पन मानतो त्यांना."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी वाल्मिककडे बघितलं. वाल्मिक जमिनीकडे बघत होता. मग त्यांनी कागदावर 'मजुरी' असंच लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.